आठवड्याला किती तास?

पदाच्या नावासाठी ५० अक्षरं, संस्थेच्या नावासाठी १०० आणि तिथं आपण नेमके काय दिवे लावले ते सांगायला १५०. दोन शब्दांमधली मोकळी जागाही अक्षर म्हणूनच मोजली जाते. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हे वेगळं भरायचं. असे एकूण दहा रकाने. एकाच फॉर्मवर बऱ्याच ठिकाणी अर्ज करता यावा म्हणून अमेरिकेतल्या १५ कॉलेजांनी १९७५ मध्ये ‘कॉमन ॲप्लिकेशन’ सुरू केलं. आज त्यात हजाराहून जास्त कॉलेजं आहेत. मार्क, शिफारसपत्रं, ६५० शब्दांचा निबंध हे सगळं त्यात असतंच. पण घराघरांतली झोप उडते ती या दहा रकान्यांमुळे. मुलगा शाळेतून आल्यावर काय करतो, हा प्रश्न आपल्याकडे आजवर फक्त शेजारणी विचारत. आता हार्वर्ड विचारतं.

या रकान्यांसाठी आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली मुलं माझ्याकडे येतात. मी काही प्रवेशतज्ज्ञ नव्हे. वर्तमानपत्रात उपसंपादक होते, म्हणजे पोटासाठी दुसऱ्यांची वाक्यं कापत होते. दोन कॉलमांच्या मथळ्यात मंत्रिमंडळाचा विस्तार बसवण्याची विद्या निवृत्तीनंतर अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. फॉर्म एक ऑगस्टला उघडतो आणि लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत बऱ्याच ठिकाणी एक नोव्हेंबरला संपते, त्यामुळे श्रावणापासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे वर्दळ. पूर्वी या दिवसांत मुलं वर्गणी मागायला यायची, आता लॅपटॉप घेऊन येतात.

‘काकू, सात अक्षरं जास्त होतायत.’

‘ते “पॅशनेटली” काढ.’

‘मग सहा उरतात.’

‘उरू देत. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला लागतील.’

मुलांच्या आधी मात्र आया येतात. येताना फाइल आणतात. पारदर्शक कप्प्यांची, जाडजूड. त्यात अबॅकसच्या सगळ्या पायऱ्या, श्लोकपाठांतर, कराटेचा पिवळा पट्टा, रंगभरणाचं उत्तेजनार्थ, आणि तळाशी बालवाडीत झाशीची राणी झाल्याचं प्रमाणपत्र, ज्यावर राणीपेक्षा प्रायोजक दुकानदाराचं नाव मोठं. फाइल माझ्या मांडीवर ठेवून त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात. मग मला सांगावं लागतं, की फॉर्म फक्त नववीपासून पुढचं विचारतो. अशा वेळी एका आईने बराच वेळ गप्प राहून विचारलं होतं, ‘म्हणजे दहा वर्षं आम्ही नुसत्या रिक्षाच केल्या?’ तिला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही. रिक्षात मायलेकी गप्पा मारत असतील तर दहा वर्षं फुकट गेली असं मी तरी म्हणणार नाही, पण गप्पांना रकाना नाही.

या धंद्यात फॅशनही बदलत असते. मध्यंतरी चौफेर मुलाला भाव होता. थोडं बुद्धिबळ, थोडं कथक, थोडं वादविवाद. आता कौन्सेलर मंडळी म्हणतात, चौफेर नको, टोक हवं. त्याला ते स्पाइक म्हणतात. मूल कुठल्या तरी एकाच बाजूने टोचलं पाहिजे. त्यासाठी ‘पॅशन प्रोजेक्ट’ लागतो. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, अतिशय सज्जन, बँकेतून निवृत्तीला आलेले, मला लिफ्टमध्ये म्हणाले, ‘आमच्याकडे बाकी सगळं झालंय हो, फक्त पॅशन राहिलीय. डिसेंबरपर्यंत होईल ना?’ मुलगा शेजारीच उभा होता. तो मजल्यांचे आकडे बदलताना बघत होता.

पॅशन वेळेत झाली नाही तर संस्था काढतात. ‘संस्थापक-अध्यक्ष’ हे पद ५० अक्षरांत आरामात बसतं, त्यामुळे त्याला फार मागणी. आमच्या एका इमारतीत अशा तीन संस्था आहेत. तिन्हींचे अध्यक्ष एकाच लिफ्टने खाली उतरतात आणि पलीकडच्या वस्तीतल्या त्याच मुलांना तीच इंग्रजी मुळाक्षरं शिकवतात. मंगळवारी एक संस्था, गुरुवारी दुसरी, शनिवारी तिसरी. एकदा मी कौतुकाने बघायला गेले. नव्या ताई आल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने विचारलं, ‘ताई, तुमचा पण फॉर्म आहे का?’ ताई लाल झाल्या. चिमुरडीला त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं. आधीच्या दोन दादांचा फॉर्म होता, तेव्हा यांचाही असणार, एवढाच तिचा हिशेब.

खरं सांगायचं तर त्या तिघांतला एक अजून जातो. त्याचा फॉर्म कधीच गेला, प्रवेशही झाला, सुट्टीत आला की तो शनिवारी वस्तीत दिसतो. म्हणजे फॉर्मसाठी सुरू केलेलं सगळं खोटंच असतं असंही नाही. काही लग्नं नाही का पत्रिका बघून जमतात आणि तरी नंतर प्रेम बसतं.

हा रकाना मुळात आला कुठून, याची चौकशी केली तेव्हा मी जरा चरकले. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांची प्रवेशाची रीत तशी सरळ होती. परीक्षा द्या, पास व्हा, या. मग झालं असं, की न्यूयॉर्क-बॉस्टनकडच्या स्थलांतरित ज्यू घरांतली पोरं परीक्षेत फारच चांगली ठरू लागली. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या पहिल्या वर्षात त्यांचं प्रमाण पाचव्या हिश्शाच्या वर गेलं. अध्यक्ष लोवेल यांनी ज्यूंच्या संख्येवर सरळ मर्यादा घालावी असं सुचवलं. त्यावर गदारोळ झाला आणि उघड मर्यादा बारगळली. मग काही वर्षांतच आडवाटेने तेच साधलं गेलं. गुणांबरोबर ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ बघायचं ठरलं, फोटो मागवायला सुरुवात झाली, मुलगा मैदानावर कसा, मंडळांत कसा, चारचौघांत कसा, याला वजन आलं. बर्कलीचे समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी २००५ च्या ‘द चोझन’ या जाडजूड पुस्तकात हा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. नुसता अभ्यास करणारी नको ती पोरं बाहेर ठेवायला जे दार बसवलं, त्याच दारातून आत शिरता यावं म्हणून आज जगभरच्या अभ्यासू घरांतली पोरं व्हायोलिन खांद्याला लावून उभी आहेत.

पुढे दाराला पहारेकरी आले, तसे लाच देणारेही आले. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत जे प्रकरण उघडकीला आलं, त्यात श्रीमंत आईबापांनी प्रशिक्षकांना पैसे चारून आपली मुलं खेळाडू म्हणून आत घातली होती. जन्मात वल्हं न धरलेल्या मुली वल्हवायच्या यंत्रावर बसून फोटो काढून आल्या. एका वडिलांनी वॉटर पोलोचं सामान विकत आणून मुलाला पाण्यात उभं केलं. सूत्रधार रिक सिंगरला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ते वाचताना मला आमच्याकडच्या अध्यक्षांची दया आली. ही पोरं निदान मंगळवारी वस्तीत जातात तरी.

यावर ‘अमेरिकेचं सगळंच नाटकी’ असं म्हणून चहा प्यायला आपण मोकळे नाही. छंदाला मार्क लावण्याची खोड आपल्यालाही आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर, एरवी चित्रकलेच्या तासाला गणित घेणाऱ्या शाळाही स्मरणचित्रावर जीव टाकू लागल्या. ज्या मुलाला सगळ्याच वस्तू बटाट्यासारख्या दिसतात तोही वस्तुचित्राला बसतो. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिथंही वर्षाला १२० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर असा सेवेचा हिशेब आहेच. कुदळीच्या प्रत्येक घावामागे वहीत सही. उलट आयआयटीची प्रवेशपरीक्षा घ्या. ती कधी विचारत नाही, की बाळा, तू संध्याकाळी काय करतोस? तिला माहीत असतं, की तो क्लासला बसलेला असतो.

आणि तरी याच पुण्यात पुरुषोत्तम करंडकासाठी १९६३ पासून कॉलेजची पोरं रात्र रात्र एकांकिका बसवत आलीत. त्यांना कुठल्या फॉर्मने विचारलं होतं? हजेरी कमी भरायची, घरी बोलणी खायची, प्रॉम्प्टिंग करणाऱ्याचा घसा बसायचा. त्यातली फार थोडी पुढे नट झाली. बाकीची बँकांत, आयटीत, विमा कंपन्यांत गेली आणि पन्नाशीतही लग्नाच्या पंगतीत एकमेकांना गाठून, त्या साली निकाल कसा चुकला होता, यावर तावातावाने भांडतात. अशा माणसाला कोणी ‘आठवड्याला किती तास?’ विचारलं असतं तर त्याने प्रतिप्रश्न केला असता, की आठवड्यात एकूण असतात किती?

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मला सगळ्यात आवडलेला मुलगा बसवाला. बसवाला म्हणजे त्याला बसचं वेड. पुण्यातले मार्ग तोंडपाठ, कुठली बस स्वारगेटला कुठल्या बाजूला लागते, कात्रजहून निगडीला जाताना कुठे बदलली तर उभं राहावं लागत नाही, सगळं ठाऊक. सुट्टीच्या दिवशी पास काढून तो नुसता फिरतो, मागच्या खिडकीत बसून. त्याने दहा रकान्यांत मॉडेल युनायटेड नेशन्स, ऑलिम्पियाड, ऑनलाइन इंटर्नशिप असलं सगळं भरून आणलं होतं. ती वाक्यं इतकी गुळगुळीत, की नजर ठरेना. बस कुठेच नव्हती.

मी विचारलं तर म्हणाला, ‘कौन्सेलर म्हणतात, बसचं ॲप केलंस तर चालेल.’

‘मग कर की.’

‘ॲप करत बसलो तर बसमध्ये कधी बसू?’

पुण्यात राहून पुणेरी उत्तर न देणं अवघड असतं, पण हे उत्तर नुसतं पुणेरी नव्हतं. बसचं ॲप केलं की बस साधन होते, आणि त्याला ती साधन म्हणून नको होती. नशिबाने त्याला अमेरिकेतल्या एमआयटीलाही अर्ज करायचा होता. त्यांचा फॉर्म वेगळा आणि त्यात कामांसाठी जागाही चारच, दहा नव्हेत. वर ते एक छोटा प्रश्न विचारत आलेत, की निव्वळ मजेखातर काय करता? त्यांच्या प्रवेश विभागातल्या ख्रिस पीटरसन यांनी २०१० मध्ये लिहिलेला एक लेख बराच वाचला जातो. त्याचा गाभा असा, की आमच्याकडे यायला मिळावं म्हणून काही करू नका; अभ्यास नीट करा, माणसांशी बरे वागा, आवडीचं काहीतरी मनापासून करा, मग आम्ही घेतलं नाही तरी तुमचं काही वाया जाणार नाही. मी तो त्याला वाचायला दिला. लेख वाचून तो जरा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, ‘पण आता हे वाचून मी बसबद्दल लिहिलं, तर ते पण त्यांना आवडावं म्हणूनच झालं ना?’

सतराव्या वर्षी मुलं इतकी हुशार असू नयेत, संपादकाची पंचाईत होते. मी त्याला एवढंच म्हटलं, की बस तू या फॉर्मच्या आधीपासून बघतोयस, तुला तारखेचा पुरावा आहे. मग त्याने लिहिलं, आणि अशा झपाट्याने लिहिलं की मला कापायलाच लागलं. मागच्या खिडकीतून शहर उलटं कसं दिसतं, याबद्दलचं एक वाक्य होतं. ते मी ठेवलं आणि कंसातलं बसच्या मॉडेलचं वर्ष काढायला लावलं. तो वर्षासाठी बराच भांडला.

दुसरा एक ढोलवाला. पथकात आहे. त्याचं म्हणणं ढोल यादीत पहिला हवा, कारण फॉर्ममध्येच लिहिलंय, की कामं तुम्हाला वाटणाऱ्या महत्त्वाच्या क्रमाने लावा. वडिलांचं म्हणणं, तिथला माणूस ढोल वाचून काय समजेल, रोबोटिक्स वर घाल. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण फॉर्म मुलाचा होता. कौन्सेलरने ढोलाचं करून ठेवलं होतं ‘सांस्कृतिक तालवाद्य नेतृत्व’. मी विचारलं, तू तिथं नेमकं करतोस काय? तर तो नव्या मुलांना ठोके शिकवतो, ढोलाच्या दोऱ्या ताणून देतो आणि मिरवणुकीत पाण्याच्या बाटल्या मागेपर्यंत पोचतात की नाही ते बघतो. हे सगळं १५० अक्षरांत बसलं, वर जागा उरली. आयुष्यभराच्या अनुभवाने सांगते, खरं क्रियापद सापडलं की विशेषणांची जागा वाचते. ‘नेतृत्व’ हे काही क्रियापद नव्हे. ‘बाटल्या पोचवतो’ हे आहे.

इंग्लंडला जाणाऱ्यांची कटकट त्या मानाने कमी. तिथं तुमच्या विषयाखेरीज बाकीच्याचं फारसं कौतुक नसतं. भौतिकशास्त्राला जायचं तर भौतिकशास्त्राचं बोला, ढोल घरी ठेवा. तिकडची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचे चेहरे जरा ताजे असतात.

असो. २०१६ मध्ये हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातून एक अहवाल निघाला. ‘टर्निंग द टाइड’ असं त्याचं नाव. त्यात म्हटलं होतं, की कामांची लांबलचक यादी मागू नका, मोजकी आणि मनापासून केलेली बघा. लांबच्या देशात जाऊन केलेल्या दिखाऊ सेवेपेक्षा घरातल्या आजाऱ्याची काळजी, धाकट्या भावंडांचं बघणं, घरखर्चाला हातभार लावायला केलेली नोकरी, यांना मान द्या. अनेक नामवंत कॉलेजांच्या प्रवेश विभागांनी त्यावर संमतीची सही केली. कॉमन ॲप्लिकेशनच्या कामांच्या प्रकारांत तर ‘घरच्या जबाबदाऱ्या’ असा एक पर्यायच आहे. तो कोणी निवडत नाही. निदान माझ्याकडे येणाऱ्यांत तरी नाही. अहवालाचा परिणाम एवढाच झाला, की मुलांनी खरं कसं वागावं हे शिकवण्याची आता वेगळी फी लागते.

तर यंदा पाचव्या मजल्यावरची मुलगी आली. तिच्या यादीत रोबोटिक्स होतं, कथक होतं, विज्ञान प्रदर्शन होतं, पुढे तीन रकाने ओढूनताणून भरलेले. मी तिला ओळखते ती वेगळ्याच कारणाने. तिच्या आजीचं इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ तीच देते. साखर मोजून वहीत लिहिते, डॉक्टरांकडे तीच नेते, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला तीच काढते, कारण आजीचे अंगठ्याचे ठसे यंत्राला पटत नाहीत आणि आजीला यंत्र पटत नाही. शिवाय सीताफळाचे दिवस आले की घरात जी रोजची लढाई होते, तीही तिनेच लढायची.

‘हे का नाही लिहिलंस?’

तिच्याआधी आईच म्हणाली, ‘अहो, हे काय लिहायचं? लोक म्हणतील यांच्याकडे बाई ठेवायची ऐपत नाही.’

‘कुठले लोक? ते कनेटिकटमध्ये आहेत.’

‘तरी पण.’

वडिलांची हरकत तात्त्विक होती. घरच्यांची सेवा तासांत मोजायची हे त्यांना बरं वाटेना. मलाही पूर्ण बरं वाटत नव्हतं. एखादी गोष्ट यादीत गेली की ती यादीतल्या इतर गोष्टींसारखी दिसायला लागते, हे मी वर्तमानपत्रात रोज पाहिलंय. एकाच स्तंभात निधन आणि निविदा. पण रोबोटिक्स लिहायला संकोच नाही आणि आजी लिहायला संकोच, हेही मला पटेना. मुलीने मात्र वाद न घालता तास मोजायला घेतले. इन्सुलिन, वही, दवाखाना, औषधांच्या डब्या भरणं. आठवड्याला सहा झाले.

आजी आतल्या खोलीत झोपली आहे असा सगळ्यांचा समज होता. ती भिंतीला धरत बाहेर आली.

‘सहाच? आणि रात्री मालिकेत पुढे काय झालं ते मी सांगते, तू ऐकतेस, ते?’

‘ते मोजायचं नाही आजी.’

‘का? तेच सगळ्यात अवघड आहे.’ हे आजी स्वतःच म्हणाली. मग खुर्चीत बसून तिने मुद्द्याला हात घातला. ‘यादीत माझा नंबर कितवा लागला?’

‘तिसरा.’

‘वर कोण आहे?’

‘पहिला रोबोट. दुसरं कथक.’

‘कथक असू दे. क्लासला मीच घातलं होतं तुला, ती फी माझ्या पेन्शनीतून गेलीय. रोबोटला खाली घे. त्याला कोण रात्री उठून पाणी देतं?’

रोबोट तिसऱ्यावर गेला, कथक पहिलं आणि आजी दुसरी. आईने दोनदा ‘विचार करा’ म्हटलं आणि मग चहा टाकायला गेली. वडिलांनी तास सहाचे आठ करायला मान हलवली, म्हणजे तात्त्विक हरकत संपली असावी. मुलीने वर्णन लिहिलं, मी चष्मा लावून मोजलं: इन्सुलिन, साखरेची वही, दवाखाना, दरवर्षी पेन्शनचा दाखला, सीताफळावरून वाटाघाटी. इंग्रजीत १५६ अक्षरं झाली. सहा काढायची होती. मी सीताफळाला हात लावू देणार नव्हते, कारण त्या ओळीत जिवंत माणूस दिसत होतं ते तेवढ्यामुळेच. आई म्हणाली, सीताफळच काढा, पेन्शन ठेवा, सरकारी काम आहे, वजन पडेल. आजीचं म्हणणं, मुळात सीताफळाचा उल्लेख बदनामीकारक आहे. महिन्यातून एखादं खाल्लं तर त्याला वाटाघाटी म्हणत नाहीत. ‘दरवर्षी’ काढलं तर अक्षरं बसतात, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर मुलगी म्हणाली, मग त्यांना वाटेल की मी दाखला एकदाच काढला.

मुदत पुढच्या शनिवारी आहे. काल आजीचा निरोप आला, की फॉर्म पाठवण्याआधी प्रूफ तिला दाखवावं.